पहिलीचा पट आणि संगणकावरची हजार घरे: सोलापुरातला भाषाबदल आकड्यांतून कसा तपासावा

‘आजकाल सगळेच पोरांना इंग्लिश मीडियमला घालतात.’ अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत हे वाक्य कुठेही ऐकू येते. ते खरे असेलही. पण ‘सगळेच’ म्हणजे किती, कधीपासून आणि मुख्य म्हणजे कशामुळे, हे विचारले की प्रत्येक जण आपापले कारण सांगतो. कोणी ऐपतीचे, कोणी शेजाऱ्याच्या ईर्ष्येचे, तर कोणी गल्लीतली जुनी शाळा बंद पडल्याचे. या कारणांची एकमेकांशी झुंज लावून पाहणे, हाच सामाजिक बदलाच्या संगणकी अभ्यासाचा खरा उपयोग. भविष्य सांगण्यासाठी मॉडेल, म्हणजे ठरवलेल्या नियमांनी चालणारी संगणकावरची नकली वस्ती, बनवायला निघालात तर निराशाच पदरी पडेल.

नव्याने शिकणाऱ्याला सोलापूर सोयीचे शहर आहे. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, त्यामुळे इंग्रजी माध्यमाकडचा ओढा चार वेगवेगळ्या भाषांमध्ये पडताळता येतो. खाली पूर्व भागाचे, म्हणजे शहरातल्या तेलुगूभाषक कामगारवस्तीचे, उदाहरण धरून पूर्ण वाट दिली आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, जिज्ञासू शिक्षक किंवा पत्रकार यांना ती झेपेल. चार जीबी रॅमचा लॅपटॉप, एक्सेलसारखी तक्त्यांची फाइल आणि नेटलोगो ही मोफत आज्ञावली, एवढे साहित्य पुरते.

आधी प्रश्न आवळा

‘शिक्षणावर जागतिकीकरणाचा परिणाम’ हा प्रश्न नव्हे, व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्नात जागा, काळ, कोणाचे वर्तन आणि कोणता आकडा या चारही गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ: ‘पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतून पहिलीत जाणाऱ्या मुलांपैकी इंग्रजी माध्यमात जाणाऱ्यांचा वाटा २०१२-१३ ते २०२१-२२ या काळात कसा बदलला, आणि तो बदल ऐपतीमुळे झाला, एकमेकांचे पाहून झाला की शाळा बंद पडल्यामुळे?’

पहिलीच का? शाळेचा एकूण पट पाहिला तर त्यात दहा वर्षांपूर्वी घेतलेले निर्णयही मिसळलेले असतात. पहिलीचा पट हा त्या वर्षीच्या निर्णयाच्या सर्वांत जवळचा आकडा. ज्युनियर केजी त्याहून जवळची असली तरी बालवाड्यांच्या नोंदी इतक्या विस्कळीत असतात की तो मोह टाळलेला बरा.

मातृभाषा आणि माध्यम एक समजू नका. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी कितीतरी मुले आधीपासून मराठी माध्यमात आहेत. तिथला बदल बहुतेकदा मराठीतून इंग्रजीकडे आहे, तेलुगूतून इंग्रजीकडे नाही. हे लक्षात आले नाही तर अख्खा अभ्यास ‘तेलुगूची पीछेहाट’ या चुकीच्या मथळ्याखाली जातो.

आकडे कुठून आणायचे

मुख्य स्रोत यूडायस प्लस, म्हणजे शाळांची दरवर्षीची माहिती गोळा करणारी सरकारी नोंदप्रणाली. देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचे क्रमांक २७३० ने सुरू होतात. शाळेचे व्यवस्थापन, माध्यम, इयत्तावार पट, वर्गखोल्या, शिक्षक ही माहिती वर्षावार मिळते. नोंदणी करून उतरवून घेता येणाऱ्या कच्च्या फायलींत शाळांची ओळख झाकलेली असते. त्यामुळे गल्लीच्या पातळीवर काम करायचे असेल तर एकेका शाळेचे माहितीपत्रक उघडून स्वतःचा तक्ता करावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण पूर्व भागातल्या पन्नास-साठ शाळांसाठी अशक्य नाही.

दुसरा स्रोत जनगणना. २०११ च्या जनगणनेचे भाषेचे तक्ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सी-१६ हा मातृभाषेचा तक्ता. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तेव्हा तूर्त मातृभाषेसाठी २०११ लाच धरून चालावे लागते, आणि अहवालात तसे उघड लिहावे लागते.

तिसरा स्रोत म्हणजे तुमचे स्वतःचे छोटे सर्वेक्षण. त्याकडे पुढे येऊ.

आकडा नक्की काय मोजतो?

सगळ्या कामातला सर्वाधिक वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. नवशिके नेमके इथेच घाई करतात.

सोलापूर शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,०४,२१५ होती आणि २००१ मध्ये ८,७२,४७८. दहा वर्षांत ४४ टक्के वाढ! गिरण्यांना उतरती कळा लागलेली असताना शहर एवढे कसे फुगले, यावर कोणी प्रबंधही लिहील. प्रत्यक्षात १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि भोवतालची गावे शहरात आली. माणसे होती तिथेच राहिली, हद्दीची रेघ सरकली. पुढच्या दशकात, म्हणजे २०११ पर्यंत, लोकसंख्या ९,५१,५५८ झाली. वाढ जेमतेम ९ टक्के. म्हणून दोन वर्षांची तुलना करण्यापूर्वी त्या दोन्ही वर्षी हद्द तीच होती का, हे पाहायचेच.

यूडायसमध्येही अशी एक रेघ आहे. २०२२-२३ पासून शाळेचा एकगठ्ठा आकडा न घेता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. दुबार नावे गळाली आणि पट घटलेला दिसला. आलेखात त्या वर्षी दिसणारा उतार हा समाजातला बदल नव्हे, मोजण्यातला बदल आहे. आधीची आणि नंतरची वर्षे एका रेषेने जोडू नका. मध्ये मोकळी जागा सोडा आणि खाली कारण लिहा. २०२०-२१ हे करोनाचे वर्ष तर वेगळेच ठेवा. फी परवडेना म्हणून तात्पुरते हललेले पालक आणि खरोखर मत बदललेले पालक त्या वर्षाच्या आकड्यांत वेगळे काढता येत नाहीत.

महाराष्ट्रापुरती सर्वांत मोठी फट म्हणजे सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी मराठी शाळा माध्यमाच्या रकान्यात ‘मराठी’ म्हणूनच दिसते. पालकांच्या लेखी मात्र सेमी हा तिसराच पर्याय असतो. हा रकाना तुम्हालाच शाळेत विचारून भरायचा आहे: सेमी आहे का, कोणत्या वर्षापासून, कोणत्या इयत्तेपासून. ही माहिती नसेल तर ‘मराठी टिकली’ असा निष्कर्ष काढायच्या फंदात पडू नका.

याखेरीज किरकोळ पण डोके उठवणाऱ्या गोष्टी असतात. एकाच पेठेचे नाव चार प्रकारे लिहिलेले असते. जुन्या सरकारी पीडीएफमधला मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असला की नक्कल केल्यावर नुसती अक्षरांची खिचडी हाती लागते. तो हाताने टंकावा, त्यात कमीपणा नाही. नावांवरून दोन तक्ते कधीही जोडू नका, यूडायस क्रमांकावरूनच जोडा. क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा. संख्या म्हणून ठेवला तर तक्त्यांची फाइल त्या अकरा अंकांचे रूप पालटून टाकू शकते. शाळांचे विलीनीकरण झाले असेल तर कोणता क्रमांक कशात गेला याची वेगळी वही ठेवा.

वाटा मोजा, घट फोडा

समजा तुमच्या भागात २०१२-१३ मध्ये पहिलीत १,००० मुले होती आणि त्यांतली ६०० मराठी माध्यमात होती. २०२१-२२ मध्ये एकूण ८०० आणि मराठीत ४२०. (हे आकडे केवळ रीत समजावण्यासाठी घेतले आहेत.) मराठीचा पट १८० ने घटला. पण वाटा ६० टक्क्यांवरच राहिला असता तरी ८०० पैकी ४८० मुले मराठीत असती. म्हणजे १२० ची घट मुलेच कमी झाल्यामुळे आली आणि माध्यम बदलल्यामुळे फक्त ६० ची. ‘पट निम्म्यावर आला, इंग्रजीने गिळला’ असे म्हणण्याआधी ही दोन ओळींची वजाबाकी करावी.

मुले कमी का झाली? जन्मदर घटला हे एक कारण. दुसरे सोलापूरचे खास. कुंभारीत विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, मग तिथेच रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती पडली. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिका हद्दीबाहेर आहे. पूर्व भागातले कुटुंब तिथे राहायला गेले की शहरातल्या शाळेचा पट घटतो, पण त्या घराने माध्यम बदललेले असेलच असे नाही. कुंभारीच्या शाळा तक्त्यात घ्या. नाहीतर स्थलांतरालाच तुम्ही भाषाबदल समजून बसाल.

दोनशे घरे, पण कोणती?

शाळेच्या फाटकाशी उभे राहून पालकांना प्रश्न विचारणे सोपे असते, आणि म्हणूनच ते निरुपयोगी ठरते. त्या शाळेत न आलेले पालक तिथे भेटतच नाहीत. घरे गल्लीवार निवडा.

किती? २०० घरे पूर्ण यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवडली तर टक्केवारीत साधारण ७ बिंदूंची इकडेतिकडे चूक धरावी लागते. पण एका गल्लीतली घरे एकमेकांसारखी असतात, म्हणून एकाच गल्लीतून बरीच घरे घेतली तर माहिती तितकी वाढत नाही. घरांमधले साम्य ० (अजिबात नाही) ते १ (हुबेहूब) या मापावर ०.०५ एवढे थोडे धरले, तरी १० गल्ल्यांतून २०-२० घरे घेतल्यास ती २०० घरे जेमतेम १०३ घरांच्या तोलाची ठरतात आणि चूक १० बिंदूंच्या जवळ जाते. ४० गल्ल्यांतून ५-५ घेतली तर तीच २०० घरे १६७ च्या तोलाची, चूक साडेसात बिंदू. पायपीट वाढते खरी, पण घरे न वाढवता मिळणारा हा सर्वांत स्वस्त फायदा आहे.

प्रश्न थोडे ठेवा, मात्र घरातल्या प्रत्येक मुलाबद्दल वेगळे विचारा: जन्मवर्ष, पहिलीत कोणते माध्यम, कोणती शाळा. थोरला मराठीत आणि धाकटी इंग्रजीत असेल तर तेच घर, तेच आईवडील, बदलला तो काळ किंवा शेजार. अशी घरे या अभ्यासात सोन्याच्या मोलाची. त्यानंतर हा प्रश्न: ‘शाळा ठरवण्याआधी कोणाकोणाशी बोललात?’ जास्तीत जास्त तीन माणसे आणि प्रत्येकाचे नाते: जाऊ, शेजारीण, मागावरचा जोडीदार, शिक्षक. ‘तुम्ही शेजाऱ्यांचे पाहून निर्णय घेतला का?’ असे थेट विचारू नका, कारण कोणीही ‘हो’ म्हणणार नाही.

सोबत तेलुगू बोलणारी मुलगी असली तर दारातली उत्तरे आणि आतल्या खोलीतली उत्तरे यांतला फरक लगेच कळतो. नाव, आधार, मोबाइल यांपैकी काहीही नोंदवू नका. गल्ली आणि घराचा अनुक्रमांक पुरेसा आहे.

आता मॉडेल

मॉडेल कसे चालते आणि सरासरी किती फसवते, हे समजायला समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचे १९७८ मधले उदाहरण पाहा. शंभर माणसे आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता कृती करतो, दुसऱ्याला एक जण पुढे झालेला दिसायला हवा, तिसऱ्याला दोन, असे शेवटच्याला नव्व्याण्णव. एकामागून एक शंभरही जण सामील होतात. आता फक्त एकच बदल करा: ज्याला एक हवा होता त्याला दोन हवेत. पहिला पुढे होतो आणि साखळी तिथेच तुटते. दोन्ही जमावांची सरासरी जवळजवळ सारखीच, निकाल मात्र शंभर आणि एक. आधी किती जण पुढे झालेले दिसायला हवेत, हा ज्याचा त्याचा ‘उंबरठा’. म्हणून मॉडेलमध्ये ‘सरासरी पालक’ घालू नका, पालकांच्या उंबरठ्यांचा फैलाव घाला.

नेटलोगोत ४० बाय ४० चौकटींची जमीन आखा. तिच्या सेटिंगमध्ये कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, ती खूण आधी काढून टाका. नाहीतर एका कडेवरचे घर दुसऱ्या कडेवरच्या घराचे शेजारी ठरते, आणि अक्कलकोट रोडचे माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाळे भागातल्या माणसाकडे पाहून शाळा ठरवू लागते! १,६०० चौकटींत १,००० घरे टाका. प्रत्येक घराच्या आठ चौकटींच्या शेजारात सरासरी पाच घरे येतात. त्यात जमिनीवर कुठेही राहणारी तीन नातेवाईक घरे जोडा, कारण पूर्व भागात सोयरीक गल्लीपुरती नसते. प्रत्येक घराला उत्पन्न (सर्वेक्षणातल्या फैलावाप्रमाणे), उंबरठा आणि ‘आजवर निवडलेले माध्यम’ द्या. एक फेरी म्हणजे एक जून. दर फेरीत सुमारे ८० घरांत पहिलीचे मूल असते आणि तेवढीच घरे निर्णय घेतात.

मग याच जमिनीवर तीन वेगळी मॉडेल चालवा.

ऐपतीचे: फी उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाहून कमी असेल तर इंग्रजी. इथे उत्पन्न आणि फी वर्षागणिक बदलायला हवी. दोन्ही गोठवून ठेवली तर हे मॉडेल हलणारच नाही, आणि मग ‘ऐपतीचा सिद्धांत हरला’ असे जाहीर करणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे हात बांधून कुस्ती मारणे. तिन्ही कारणांना जिंकायची खरी संधी मिळायला हवी.

पाहण्याचे: फी आवाक्यात असेल आणि ओळखीच्या घरांतला इंग्रजीचा वाटा उंबरठ्याला पोचला असेल, तर इंग्रजी.

शाळेचे: पालकांची आवड तीच राहते, पण जवळची मराठी शाळा किंवा तुकडी बंद पडली की एक किलोमीटरच्या आत उरलेल्या शाळांतूनच निवड करावी लागते. प्राथमिक शाळेसाठी शिक्षण हक्काच्या नियमांतलेही अंतर एवढेच आहे. बंद पडलेल्या शाळांची वर्षे तुमच्या वहीतून घ्या.

प्रत्येक मॉडेलमध्ये जुळवून घ्यायचे आकडे दोनच ठेवा, उदाहरणार्थ उंबरठ्याची सरासरी आणि फैलाव. २०१२-१३ ते २०१८-१९ ही सात वर्षे म्हणजे सातच बिंदू. त्यांवर सहा आकडे फिरवले तर कोणतेही मॉडेल हुबेहूब जुळते, पण त्यातून कळत काहीच नाही. जुळवून झाल्यावर २०१९-२० आणि २०२१-२२ चे आकडे बाहेर काढा आणि मॉडेल त्यांच्या किती जवळ जाते ते पाहा. ही दोन वर्षे आधी डोकावून पाहिलीत तर परीक्षा बाद.

एकदा चालवून चित्र काढू नका. प्रत्येक मॉडेल किमान १०० वेळा, दर वेळी वेगळ्या यदृच्छ बीजाने (ज्या आकड्यावरून संगणक नशिबाचे निकाल काढतो त्याने) चालवा. नेटलोगोतल्या बिहेवियरस्पेसमध्ये हे आपोआप होते. आलेखात मधली रेघ आणि तिच्याभोवती शंभरांपैकी नव्वद वेळा आलेला पट्टा दाखवा. पाहण्याच्या मॉडेलमध्ये हा पट्टा बऱ्याचदा खूप रुंद येतो. त्याला बिघाड समजू नका. साखळी कधी लागते, कधी तुटते, हाच त्या मॉडेलचा स्वभाव.

ठसे ओळखणे

एकूण टक्केवारीचा चढ तिन्ही मॉडेल देऊ शकतील. फरक दिसतो तो इतर ठशांत. ऐपत खरी असेल तर समान उत्पन्नाची घरे कोणत्याही गल्लीत असली तरी सारखीच वागतात. पाहणे खरे असेल तर इंग्रजीची घरे पुंजक्यांनी दिसतात आणि धाकट्या भावंडांमध्ये माध्यमबदल जास्त आढळतो. शाळा कारण असेल तर बंद पडण्याच्या पुढच्याच वर्षी, त्या शाळेच्या आसपासच, एकदम उडी दिसते.

पुंजके मोजायची सोपी रीत अशी. सर्वेक्षणातल्या प्रत्येक घरासाठी त्याच गल्लीतल्या इतर घरांत इंग्रजी किती ते काढा आणि इंग्रजी घरांची यावरची सरासरी लिहून ठेवा. मग माध्यमाच्या चिठ्ठ्या घरांत यदृच्छ वाटून तीच सरासरी पुन्हा काढा, असे १,००० वेळा. खरी सरासरी या हजारांपैकी ९५० हून मोठी असेल तर पुंजके खरे. पण थांबा: एका गल्लीत राहणाऱ्यांची मजुरीही सारखी असते, त्यामुळे नुसत्या ऐपतीनेही पुंजके पडतात. म्हणून चिठ्ठ्या उत्पन्नाच्या एकेका गटातच फिरवा. अर्थतज्ज्ञ चार्ल्स मॅन्स्की यांनी १९९३ मध्ये हीच अडचण मांडली होती: शेजारी एकमेकांचे पाहून वागतात की एकाच परिस्थितीत असल्याने तसे वागतात, हे नुसत्या निरीक्षणातून वेगळे करणे फार अवघड असते. उत्पन्नाचे गट पाडल्याने अडचण कमी होते, संपत नाही.

ती आणखी कमी करायची तर शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांच्या सोडतीकडे पाहा. अर्ज केलेल्यांपैकी कोणाचा नंबर लागला हे नशिबावर ठरते. नंबर लागलेल्या घरांचे शेजारी आणि न लागलेल्या घरांचे शेजारी पुढच्या वर्षी काय करतात, ही तुलना कोणत्याही मॉडेलपेक्षा जोरकस पुरावा देते. सर्वेक्षणात ‘सोडतीत अर्ज केला होता का, नंबर लागला का’ एवढा प्रश्न घाला. सोडतीच्या यादीतली मुलांची नावे मात्र तुमच्या फायलीत येऊ देऊ नका.

लिहिताना

मॉडेल लिहून ठेवण्याची ओडीडी (आढावा, रचनेच्या कल्पना, तपशील) नावाची मांडणी २००६ पासून रूढ आहे: हेतू, त्यातले घटक, क्रम, गृहीतके, सुरुवातीचे आकडे. ती मराठीत लिहिली तरी चालते. दुसऱ्या माणसाने फक्त तेवढे वाचून मॉडेल पुन्हा उभे करता आले पाहिजे, एवढीच अट.

निकाल छापण्याआधी त्या भागातल्या दोन-तीन मुख्याध्यापकांना आणि सर्वेक्षणातल्या काही घरांना आलेख दाखवा. ‘त्या वर्षी आमच्याकडे एक तुकडी कमी झाली होती’ असली माहिती कोणत्याही तक्त्यात नसते आणि आलेखातला एखादा खळगा तेवढ्यानेच सुटतो.

आणि यूडायसचे पुढच्या वर्षाचे तक्ते येण्याआधी तिन्ही मॉडेलचे अंदाज तारीख घालून एका फायलीत ठेवा: पहिलीत इंग्रजी माध्यमात जाणाऱ्यांचा वाटा किती असेल, आणि कोणत्या मॉडेलप्रमाणे किती. ती फाइल ज्याने तुमचे काम केलेले नाही अशा एखाद्या मित्राकडे देऊन ठेवा, म्हणजे तक्ते हाती आल्यावर तिच्यात गुपचूप दुरुस्ती करता येणार नाही.